गाडी मिळाली, मग मन लागलं का?

सुरतेहून येणारी पत्रं गेल्या काही महिन्यांत साठली होती. लिंबायत, डिंडोली, उधना, नवागाम : भुसावळ पॅसेंजरने ज्यांचे बापजादे तिथे उतरले, त्यांच्या घरांतली. बहुतेक पत्रं कामाबद्दलचीच. त्यांतली पाच या वेळी घेतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत.

प्रश्न : वडील अमळनेरहून सुरतेत आले आणि डाइंग मिलमध्ये राबले. मी वराछ्याला हिऱ्यांच्या ऑफिसात असॉर्टर आहे. दर दिवाळीला कुणीतरी व्हॉट्सॲपवर मोटारींच्या रांगेचा फोटो पाठवतं : अमक्या शेठने कामगारांना गाड्या वाटल्या. आमच्याकडे काजूकतलीचा डबा मिळतो. बायको विचारते, तुम्ही त्या शेठकडे का नाही? माझं कुतूहल वेगळं आहे. गाडी मिळालेल्या माणसाचं मन कामात जास्त लागतं का? — एक वाचक, डिंडोली

फोटो खरा आहे, पण दर दिवाळीला नवा नसतो. जुनाच फिरत राहतो. हरिकृष्ण एक्स्पोर्ट्सच्या सवजी ढोलकियांनी २०१४ साली ४९१ मोटारी आणि २०७ फ्लॅट दिले, तेव्हा ही बातमी देशभर गेली. २०१६ मध्ये त्यांनी १,७१६ माणसं निवडली. १,२६० जणांना मोटारी, ४०० जणांना फ्लॅट आणि ५६ जणांना दागिने मिळाले. २०१८ मध्ये आणखी ६०० मोटारी दिल्या. त्याच वर्षी पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या तिघांना मर्सिडीज मिळाल्या. ढोलकिया स्वतः अमरेली जिल्ह्यातल्या दुधाळ्याचे. शाळा अर्धवट सोडून ते सुरतेत हिऱ्याच्या कामाला आले आणि २०२२ मध्ये पद्मश्री झाले. हात काळे करून वर आलेला माणूस आहे, तेव्हा कारागिराला काय हवं असतं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार.

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. २०१६ च्या त्या दिवाळीला ५१ कोटी खर्च झाले असं तेव्हा छापून आलं. १,७१६ ने भागलं तर माणशी तीन लाखांच्या आत येतात. एवढ्या रकमेत कंपनीचं नाव काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक वर्तमानपत्रात आलं. तेवढी जागा जाहिरात म्हणून विकत घ्यायची तर काय पडलं असतं, हा हिशेब शेठलोक चोपडीत मांडतच असतील. ढोंग होतं असं मी म्हणत नाही. सौराष्ट्रातले कारागीर दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीत गावी जातात. तेव्हा घरापुढे गाडी उभी राहिली की आईबापांची मान वर होते, मुलाचं लग्न जमतं. हे सुख खोटं म्हणणारा माणूस कधी एसटीच्या टपावर बसून गावी गेलेला नसतो.

पण तुम्ही विचारलंत ते मनाबद्दल. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली हाच घोळ उलगडला होता. पिट्सबर्गच्या आसपासच्या दोनशेएक इंजिनियर आणि हिशेबनिसांना त्याने विचारलं : कामावर कधी फार बरं वाटलं, कधी फार वाईट? उत्तरांतून दिसलं की दोन्हींची कारणं बहुतेक वेगळीच असतात. पगार, साहेबाचा स्वभाव, कामाची जागा, नोकरीची हमी हे बिघडलं की माणूस चिडतो. हे सगळं सुधारलं की चीड जाते, पण तेवढ्यानं कामाची गोडी लागतेच असं नाही. गोडी लागते ती काम स्वतः पार पाडल्यानं, कुणी ते नीट पाहिल्यानं, जबाबदारी हातात आल्यानं. त्याच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. तरी माझ्या अनुभवाला हा भाग पटतो : गाडी चीड घालवते, तीही साधारण पुढच्या दिवाळीपर्यंत. शेजारच्या टेबलावरच्याला मिळाली आणि आपल्याला नाही, तर तेवढंही नाही.

तुमच्या टेबलाकडे या. असॉर्टर दिवसभर निर्णयच घेत असतो. लूप डोळ्याला लावून ठरवायचं की हा पीस कुठल्या रंगाच्या ढिगात, कुठल्या प्युरिटीच्या. तुम्ही लावलेला ढीग वरच्या माणसाने बदलला, तर का बदलला हे तुम्हाला कुणी सांगतं का? तुम्ही बरोबर होतात हे महिन्याभराने कधी कळतं का? कळत असेल तर तुमचं मन काजूकतलीवरही लागेल. कळत नसेल तर मर्सिडीजमध्येही तुम्ही कंटाळाल.

जाता जाता दोन गोष्टी. डबा म्हणजे बोनस नव्हे. १९६५ च्या कायद्याने आलेला बोनस वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी किमान ८.३३ टक्के असतो, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. पगाराच्या मर्यादेच्या अटी आहेत, त्या विचारून घ्या. १९७२ च्या कायद्याने आलेली ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग झाल्यावर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची. या दोन्हींचा फोटो कुणी व्हॉट्सॲपवर टाकत नाही. भेट शेठच्या मर्जीने मिळते, ही रक्कम मागून घेता येते. पण त्यासाठी हातात पगाराची चिठ्ठी असावी लागते. तुमच्याकडे आहे ना?

दुसरी गोष्ट वहिनींसाठी. २०१६ मध्येच ढोलकियांनी आपल्या मुलाला सात हजार रुपये आणि तीन जोड कपडे देऊन महिन्याभरासाठी कोचीला धाडलं. बापाचं नाव न सांगता नोकरी शोध, असं बजावलं. गोष्ट छान आहे. मात्र ठरल्या तारखेला संपणारी गरिबी आणि न संपणारी गरिबी यांत फरक असतो, एवढं मुलांना ही गोष्ट सांगताना जोडून सांगा.

प्रश्न : आमच्या शेजारचे काका स्वतःला हिराघसू म्हणतात, त्यांचा मुलगा रत्नकलाकार म्हणतो. काम तेच. नाव बदलून काही बदलतं का? — एक विद्यार्थिनी, उधना

थोडं बदलतं. हिराघसू म्हणजे हिरा घासणारा, हमाल म्हणावं तसा शब्द. रत्नकलाकार म्हटलं की लग्नपत्रिकेत लिहिता येतं. काम खरोखर कलेचं आहे : गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू, टोकाचा धरला तर ५८. पण कारखान्यात एकाच माणसाने ते सगळे पाडण्याचे दिवस गेले. कुणी तळियां करतो म्हणजे खालची बाजू, कुणी मथाळां म्हणजे वरची, कुणी नुसतं टेबल. आपला हिरा शेवटी कुणाच्या बोटात गेला हे कुणालाच दिसत नाही. नाव कलाकाराचं मिळालं, मजुरी मात्र नगावरच राहिली. मागणी आटली की नग कमी, नग कमी की घरात अंधार. २०२४ च्या जुलैत कामगारांच्या संघटनेला आत्महत्या रोखायला हेल्पलाइन काढावी लागली. नव्या नावाने ती वेळ टळली नाही. काकांना जो शब्द आवडतो तोच वापरा.

प्रश्न : कंपनीच्या लीडरशिप ट्रेनिंगमध्ये सरांनी 'एसी टू डीसी' म्हणून सुरतेचंच उदाहरण दिलं. प्लेगनंतरचं काहीतरी होतं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. नेमकं काय झालं होतं? आणि आमच्यासारख्या सुपरवायझरला त्याचा उपयोग काय? — पांडेसरा

सप्टेंबर १९९४. तापीचं पाणी ओसरलेलं, गल्लोगल्ली चिखल, कचरा, मेलेली जनावरं. त्यात प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने सुरत सोडून पळाली. खान्देशातल्या गावांत तेव्हा सुरतेहून आलेल्या पाहुण्याला ओसरीतच थांबवत, असं माझी मावशी सांगायची. पन्नासच्या आसपास माणसं दगावली, पण शहराची अब्रू गेली ती त्यापेक्षा मोठी.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. माणसं तीच, झाडू तेच, पालिकेची इमारतही तीच होती. त्यांनी साहेबांची जागा बदलली. 'एसी टू डीसी' म्हणजे एअरकंडिशन्ड खोलीतून डेली चोअर्सकडे, रोजच्या कामाकडे. सकाळी आयुक्तांसकट सगळे अधिकारी रस्त्यावर, आपापल्या भागात. दुपारी सगळ्यांची एकत्र बैठक, सकाळी जे पाहिलं त्यावर. दुसऱ्या दिवशी परत तेच. बेकायदा बांधकामं पाडताना सुरुवात बड्यांपासून केली, म्हणून झोपडीवाल्याला गप्प बसावं लागलं. १९९६ मध्ये इंटॅक या संस्थेने सुरतेला चंडीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर म्हटलं. दीड वर्षात एवढं.

ट्रेनिंगवाले सर इथेच थांबत असावेत, कारण इथे टाळ्या पडतात. मला त्याच्या मागचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रावांनी शहराचे सहा झोन धरले आणि आयुक्ताचे अधिकार, खर्चाचेसुद्धा, झोनच्या प्रमुखांना दिले. गटाराचं झाकण बदलायला मुख्यालयातल्या फाइलची वाट बघायची नाही. साहेब नुसता रस्त्यावर उतरला असता तर तो मुकादमाचा मुकादम झाला असता, सगळ्यांना धाक बसला असता आणि त्याच्या बदलीच्या दिवशी कचरा परत आला असता. राव १९९७ अखेर बदलून गेले. स्वच्छ सर्वेक्षणात २०२३ चा पहिला क्रमांक सुरतेने इंदूरबरोबर वाटून घेतला. मधल्या पंचवीसेक वर्षांत किती आयुक्त येऊन गेले त्यांची नावं आपल्याला आठवतही नाहीत. रावांच्या कामाची मोजणी करायची तर मी इथे करेन.

आता तुमचं. उमेदवारीच्या काळात मी तुमच्याच भागातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये अकरा महिने टाइमकीपर होतो. ती मिल आता नाही आणि नावाला महत्त्वही नाही. फोल्डिंग खात्यात चौदा वर्षं घडी घालणारे एक धुळ्याचे काका होते. एकदा साड्यांच्या मोठ्या लॉटवर फिकट डाग निघाले. व्यापाऱ्याने माल परत केला. मास्टर, मॅनेजर, शेठचा पुतण्या, सगळे तीन दिवस रंगाचे डबे तपासत होते. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर काका मला म्हणाले, डाग रंगाच्या तीन नंबरच्या जेट मशीनमधून येणाऱ्या मालावरच पडतात, दिवाळीपासून पडतात. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, "विचारलं कुणी?"

मी ते मास्टरला सांगितलं. तीन नंबर उघडला आणि दोष सापडला. शाबासकी मला मिळाली. काकांचं नाव मी घेतलं नव्हतं, आणि ते आजही मला बोचतं. टोयोटाच्या कारखान्यात कुठलाही कामगार दोरी ओढून अख्खी लाइन थांबवू शकतो, असं पुढे वाचलं तेव्हा मला तो चहाचा ग्लास आठवला. आमच्याकडे दोरी नव्हतीच. असती तरी तिच्याखाली 'परवानगीशिवाय हात लावू नये' अशी पाटी लावली असती.

तेव्हा सुपरवायझर म्हणून सोमवारपासून दोन गोष्टी करून बघा. पाळी बदलायच्या वेळी केबिनमध्ये न बसता मशीनपाशी उभे राहा आणि जाणाऱ्याला विचारा : आज कुठे अडलं? आणि जे तो सांगेल त्यातली निदान एक गोष्ट त्यालाच ठरवू द्या, तुमच्या सहीशिवाय. पहिलं सोपं आहे, दुसऱ्याला छाती लागते. चुकलं तर वरचा साहेब तुम्हाला धरेल, त्याला नाही.

प्रश्न : खजोदला एवढा मोठा डायमंड बोर्स झाला, तरी महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारातली गर्दी हटत नाही. का? — एक दलाल, वराछा

दलालाने मला विचारावं! तुम्ही उत्तर जाणता, फक्त माझ्याकडून वदवून घ्यायचं आहे.

१७ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. नऊ टॉवर, साडेचार हजारांच्या आसपास ऑफिसं, ६७ लाख चौरस फूट, पेंटागॉनपेक्षा मोठं. मुंबईतून बाडबिस्तरा घेऊन आलेल्या एका बड्या पार्टीनेसुद्धा काही आठवड्यांत परत बांद्र्याकडे तोंड वळवलं. हिऱ्याची मंदी हे कारण आहेच, अंतरही आहे. पण महिधरपुऱ्यात काय चालतं? स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उघडायची, समोरच्याने चिमट्याने पीस उचलून उन्हाकडे धरायचा, जांगडवर, म्हणजे पसंतीच्या बोलीवर, माल घेऊन जायचा. लाखांचा माल एका चिठ्ठीवर आणि तोंडाच्या शब्दावर. त्या शब्दामागे त्याचा चुलता, त्याचं गाव, पंधरा वर्षांची उठबस असते. गल्लीत चार पावलांवर चार जण भेटतात आणि कोण बुडाला, कोण तगला ही बातमी चहाबरोबर कळते. शिष्टाचार, भरवसा, अफवा ही त्या गल्लीची खरी मालमत्ता. लिफ्टमध्ये ती घालून नेता येत नाही. आयडी कार्ड स्वाइप करून शिरलेल्या दोन माणसांना पुन्हा एकमेकांचे चुलते शोधायला वेळ लागेल. शोधतील. माझा अंदाज, तुमची मुलं खजोदला जातील आणि तुम्ही मात्र स्कूटर विकणार नाही.

प्रश्न : मी घरी धागा कटिंगचं काम करते. एम्ब्रॉयडरीच्या साड्यांचे मागचे धागे कापायचे, कधी टिक्की लावायची. ठेकेदार स्कूटरवर गठ्ठा टाकतो, संध्याकाळी नेतो. मुलगा कॉलेजात आहे. तो म्हणतो, आई, कामात अर्थ शोधला पाहिजे, मग थकवा येत नाही. मी म्हटलं, अर्थ म्हणजे पैसाच ना रे? तो हसला. माझं काही चुकलं का? — लिंबायत

ताई, काही चुकलं नाही. मराठीत अर्थ म्हणजे पैसाही आणि मतलबही. दोन्हींना एकच शब्द ठेवणारे आपले पूर्वज मुलापेक्षा शहाणे होते.

मुलगा जे वाचून आला आहे ते खोटं नाही. अमेरिकेत एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या दोघींनी एका इस्पितळातल्या सफाई कामगारांशी बोलून २००१ मध्ये लेख लिहिला. काही जण म्हणाले, आम्ही फरशी पुसतो, काम संपलं. काही जण त्याच पगारात पेशंटशी दोन शब्द बोलत, नातेवाइकांना वाट दाखवत, आणि म्हणत, माणूस बरा होण्यात आमचाही हात आहे. या दुसऱ्यांना काम आवडत होतं. पण मुलाला एक विचारा : त्या सफाई कामगारांना पेशंट दिसत होता. तुला, मला, आईला साडी नेसणारी कुठे दिसते? गठ्ठा येतो, गठ्ठा जातो. जे दिसतच नाही त्यात अर्थ शोध म्हणणं म्हणजे अंधारात सुई शोधायला सांगणं, आणि तीही धागे कापून दुखऱ्या डोळ्यांनी.

कामात देव पाहा, सावता माळ्याने मळ्यात पाहिला, अशी प्रवचनं हल्ली कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्येही होतात. ऐकताना मला नेहमी वाटतं, सावता माळ्याचा मळा त्याचा होता. कुठलं झाड कधी लावायचं, पाणी कुठे वळवायचं, हे तो ठरवत होता. तुमच्या गठ्ठ्याचा भाव कोण ठरवतं?

इथे मात्र मुलाचा उपयोग होईल. त्याला एक वही करायला सांगा : रोज किती साड्या आल्या, किती तास गेले, भाव काय, किती नग खराब म्हणून कापले आणि कशासाठी. दोन महिन्यांत ताशी किती पडलं ते दिसेल. मग शेजारणीलाही अशीच वही करायला सांगा. ठेकेदार प्रत्येकीला वेगळा भाव सांगतो आणि 'दुसरीला सांगू नको' म्हणतो, हे लिंबायतीत मी स्वतः ऐकलं आहे. अहमदाबादेत चिंध्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायकांनी असंच बसून भाव जुळवले होते. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये काढलेल्या सेवा संघटनेने त्यांना एकत्र आणलं होतं. घरी बसून काम करणारी बाईही कामगारच, असं जगाने १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १७७ व्या करारात लिहून घेतलं. त्यामागेही या अहमदाबादच्या बायकांचा जोर होता. आपल्या देशाने त्यावर अजून सही केलेली नाही.

आणि थकव्याबद्दल : दुपारच्या उजेडात, दारात बसून कापा. ट्यूबलाइटखाली रात्री नको. टिक्कीचा गोंद उघड्यावर, पंख्याखाली लावा. लेकाला म्हणावं, अर्थ शोधायच्या आधी आईला एक चांगली कात्री आण, बोटाला घट्टा न पाडणारी.

एक काम माझंही करा. ठेकेदार गठ्ठा न्यायला येईल तेव्हा विचारा, ही साडी कुठल्या मार्केटला जाते? रिंग रोडच्या कुठल्या दुकानातून, कुठल्या गावाला? सांगणार नाही कदाचित. पण कधी पार्सल बांधताना पाहिलंत आणि त्यावर गावाचं नाव दिसलं, तर मला कळवा. पाटणा असेल, मदुराई असेल, कदाचित आपलं जळगावही. लिहून पाठवा, मी छापीन.